फरशीखालची डोणी

माय, घर विकायला काढलंय. पोरगी पुण्याला नोकरीला आहे, आम्हा नवराबायकोला ती तिकडं बोलावतेय, आणि टाकीत पाणी किती उरलंय ते बघायला गच्चीचा जिना चढणं आता माझ्या गुडघ्यांना जमत नाही. तू गेल्याला अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. तुला वाचता येत नव्हतं, हे कारण मी स्वतःला देत आलो. खरं कारण पुढं येईलच.

एजंट म्हणाला, काका, छताला पीओपी करून घ्या, भिंतींना चकचकीत रंग मारा, गिऱ्हाईक दारातच खूश झालं पाहिजे. मी तयार होतो, तुला माझा स्वभाव माहीत आहे. पण पोरगी पंधरा दिवसांची रजा टाकून आली आणि तिनं सगळं बंद पाडलं. म्हणाली, "बाबा, घेणारे सहा महिन्यांत ते तोडून उकिरड्यावर टाकतील. नवीन काही आणायचं नाही. आहे तेच नीट करायचं." मग आम्ही बापलेकीनं गुलमंडीच्या बाजारातून कळीचा चुना, नीळ आणि डिंक आणला. पिंपात चुना भिजत घातला तर तो तुझ्या वेळेसारखाच उकळायला लागला. भिंतींना दोन हात दिले. दारांचा जुना ऑइलपेंट खरवडून लाकडाला अळशीचं तेल पाजलं, फरशा रिठ्याच्या पाण्यानं पुसल्या, जादा भांडी आणि गाद्या ज्यांना लागत होत्या त्यांना देऊन टाकल्या. मी तिला मोठ्या रुबाबात सांगितलं, यात नवीन काही नाही, तुझी आजी हे सगळं करायचीच. ती हातातला ब्रश तसाच धरून म्हणाली, "मग तुम्ही बंद कशाला केलं?" मी पिंप ढवळत राहिलो.

मग ती अंगणाकडं वळली. म्हणाली, ही पोर्चमधली फरशी काढू आणि आजीचा शोषखड्डा पुन्हा मोकळा करू. या शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, बोअरला पाणी असलेलं घर लोक आधी बघतात. मी म्हटलं, असू दे, कशाला उकरायचं. ती म्हणाली, "पाऊस सगळा गल्लीत वाहून जातो बाबा, आणि आपण टँकर बोलावतो. हे लपवून घर विकणार का?" तिला काय माहीत, त्या फरशीखाली मी काय लपवलं होतं.

तो खड्डा तू स्वतः खणला होतास. वडील जाऊन वर्ष झालं होतं. माहेरी तुम्ही मेंढरं घेऊन रानोरान फिरलेले लोक, कोरड्या नदीत हातभर वाळू उकरून प्यायचं पाणी काढलेले. गच्चीवरून पडणारं पाणी फाटकाबाहेर जाताना बघून तुझा जीव वरखाली व्हायचा. "पळतंय रं ते," तू म्हणायचीस, "त्याला बसाया जागा दे की." शेवटी तूच कुदळ घेतलीस. खाली दगडगोटे, वर विटांचे तुकडे, त्यावर कोळसा आणि वाळू. शेजाऱ्यांचे बोअर उन्हाळ्यात कोरडे पडायचे तेव्हा ते आपल्याकडं बादल्या घेऊन यायचे. आणि खड्ड्याशेजारी तुझी डोणी. मेंढरांना पाणी पाजायची दगडी डोणी, तुझ्या बापानं घडवलेली, माहेरून, पिशोरहून, लग्नानंतर तू हट्टानं आणलेली. शहरात मेंढरं नव्हती, पण तू ती रोज भरायचीस. चिमण्या यायच्या, गल्लीतल्या शेळ्या यायच्या, आणि आमची पोरगी तिच्यात पानांच्या होड्या सोडायची.

मग मी जुनी का होईना, गाडी घेतली. गाडी दारात लावायची तर पोर्च पाहिजे, आणि पोर्चच्या बरोबर मधे तुझा खड्डा. तू माझ्या धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला जालन्याला गेलीस आणि मी संधी साधली. गडी खड्ड्यात राडारोडा भरत होते, मी फोनवर कुणाशी तरी बोलत होतो. त्यातला एक डोणीकडं बोट दाखवून म्हणाला, "साहेब, लई जड हाय. टाकू का ह्याच्यातच? भर बी कमी लागंल." मी फोन कानाला तसाच ठेवून हातानं खूण केली, टाका. एवढंच, माय. तोंडानं शब्दही काढला नाही.

तू परत आलीस, फाटकात थांबलीस. घरात न टेकताच तांब्याभर पाणी आणलंस आणि त्या गुळगुळीत फरशीवर ओतलंस. ते घरंगळत फाटकाखालून बाहेर गेलं. तू बघत राहिलीस. मग इकडंतिकडं पाहून विचारलंस, "माझी डोणी कुठाय?" खरं सांगता आलं असतं, पण मी म्हणालो, मामा कांदे घेऊन मोंढ्यात आला होता, जाताना टेम्पोत टाकून घेऊन गेला. मामाचा तिच्यावर आधीपासून डोळा आहे असं तूच हसत हसत सांगायचीस, म्हणून ते खोटं चटकन सुचलं. तुझा चेहरा उतरला. "इचारायचं तरी," एवढंच म्हणालीस. त्या वर्षी भाऊबीजेलाही तुझं पिशोरला जाणं झालं नाही, सकाळी गाडीच सुरू झाली नाही. पुढच्या उन्हाळ्यात आपला बोअर आटला. टँकरच्या पाइपाखाली तू घागर धरून उभी असायचीस आणि मी लोकांना सांगायचो, यंदा पाऊसच कमी झाला. त्या उन्हाळ्याच्या शेवटी तू गेलीस.

गेल्या आठवड्यात फरशी फोडली त्या दिवशी घर बघायला एक जोडपं आलं होतं. देवगाव रंगारीकडचे, ती इथं शाळेत शिकवते. गवंड्यानं विटा, सिमेंटचे गोळे, जुन्या बेसिनचे तुकडे काढले आणि पहार दगडावर वाजली. डोणी पालथी होती. सुलटी करून तिच्यावर पाणी मारलं तशी पोरगी ओरडली, "बाबा, ही तर आजीची डोणी! मामाआजोबांनी नेली होती ना?" मी खाली बघत होतो. ती शिक्षिका म्हणाली, "आमच्या मळ्यात अशीच होती. राहू द्या ना ही अंगणात, आम्ही पाणी भरत जाऊ." मी म्हणालो, घर घ्या, खड्डा घ्या, ही द्यायची नाही. ते गेल्यावर पोरीला सगळं सांगितलं. तिनं डोणीतली माती हातानं पुसली. मग म्हणाली, "मामाआजोबा अजून आहेत बाबा."

रविवारी भाड्याची पिकअप करून डोणी पिशोरला नेली. मामा आता पार वाकलाय, पण कान शाबूत आहेत. पिंपरणीच्या झाडाखाली खाटेवर बसला होता. डोणी उतरवली तशी तिच्या काठावरून हात फिरवत म्हणाला, "आँ? ही तर म्या नेली व्हती नव्हं?" मी मान खाली घालून सगळं बोललो. "तू खोटं बोलला एवढं तवाच कळलं व्हतं मला," मामा म्हणाला. "तिनं फोन करून लई झापलं. म्हणली, मागितली असती तर नाय म्हणले असते का मी? म्या म्हणलं, चुकलं बाई, नेली."

मी म्हटलं, "मामा, तुम्ही नाही म्हणायचं होतं."

"अन् मंग? राहती कुणाजवळ व्हती ती? भावावर रुसलं तर चालतंय. लेकावर रुसून म्हातारी जाती कुठं?"

मी तिथंच डोणीच्या काठावर टेकलो आणि रडलो, माय, तुझ्या अंत्यविधीलाही एवढा रडलो नव्हतो. मामानं थोपटलं आणि हसला. "राहू दे हितंच. इतकी वर्सं फुकटचा चोर व्हतो, आता खरंच नेली म्हणायची." मग बादलीभर पाणी मागवून तिच्यात ओतलं, आणि पाण्याकडं बघत म्हणाला, "येकच वाटतं रं. त्या भाऊबीजेला लई वाट बघितली. आली नाय. डोणीपायी रुसूनच गेली माझी बहीण."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. चहा आला, तो प्यालो आणि निघालो. पोरीलाही हे सांगितलेलं नाही. घराचा व्यवहार त्याच जोडप्याशी ठरलाय, परवाच्या सरीचं पाणी खड्ड्यात उतरताना पोरगी टाळ्या वाजवत होती, आणि मी फाटकाजवळ उभा राहून त्या भाऊबीजेची सकाळ आठवत होतो. तू नवं लुगडं नेसून, करंज्यांचा डबा मांडीवर घेऊन गाडीत बसली होतीस. मी विचारलं, मामावर राग नाही का आता? तू म्हणालीस, "डोणीच ती. भाऊ काय गुलमंडीत मिळतो व्हय?" तिथं गेल्यावर डोणी दिसणार नाही आणि तू मला विचारशील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तू म्हणालीस यष्टीनं जाते, मी म्हटलं दिवाळीची गर्दी आहे, पुढच्या वर्षी जाऊ. तू डबा घेऊन उतरलीस.

तू रुसली नव्हतीस, हे मामाला अजून माहीत नाही. आणि गाडी बिघडली नव्हती, माय. मी चावी अर्धीच फिरवत होतो.