खोक्यावरचा हात

९ ऑक्टोबर, दुपारचे अडीच

प्रिय बुटके,

सगळे बरे असाल. तुझा गुडघा काय म्हणतो? साठी उलटली तरी तू मला बुटकीच, तेव्हा नाक मुरडू नकोस. चार महिने मी फोन उचलत नाही म्हणून तू रुसली आहेस, ‘ताईला शिंगं फुटलीत’ असं सांगत सुटली आहेस, तेही कळलं. फुटली नाहीत गं. कारण सांगते, पण आधी इथलं वाच.

इथे राहायला आले तेव्हा जिन्यात माझ्याकडे बघून कुणी हसतही नव्हतं. मग इमारतीतल्या लोकांनी एकट्या राहणाऱ्या तिघा म्हाताऱ्यांसाठी बेल बसवायची टूम काढली. तिघांपैकी कुणीही न्हाणीघरातली दोरी ओढली की खाली समितीच्या खोलीतला खोका वाजतो. पाळीवर बसलेल्या माणसाने धावत जाऊन तिन्ही घरं बघायची. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई म्हटल्यावर पहिली पाळी मलाच. तेव्हापासून माझं नावच एक्स्चेंज पडलं. ‘एक्स्चेंज खाली बसलीय ना, मग घोर कसला!’ बुटके, नोकरीतही मला कुणी इतकं मानलं नव्हतं.

गेल्या मंगळवारी त्या तिघांतले तिसऱ्या मजल्यावरचे शिंपीकाका न्हाणीघरात पडले. उजवं मनगट मोडलं. पाऊण तास ते दोरी ओढत होते आणि मी खालीच, खोक्याकडे पाठ करून तुझ्या नातीचा स्वेटर विणत होते. शेवटी टपालवाल्याने त्यांची हाक ऐकली. पुढे कात्री धरता येईल की नाही, ते डॉक्टर नक्की सांगत नाहीत.

सगळ्यांनी बेल बसवणाऱ्या वायरमनला धरलं. त्याने बेल वाजवून दाखवली, तर म्हणे आता गुपचूप तार आवळलीस. तो रडकुंडीला आला. माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, ‘ताई, तुम्ही सांगा, त्या दिवशी खरंच वाजली नव्हती?’

मी त्याच्या ओठांकडे बघत होते. मान हलवली. नाही वाजली म्हणून.

मला ऐकू येत नाही, बुटके. दोन वर्षं कमी कमी होत होतं, या उन्हाळ्यात उरलंसुरलंही गेलं. समोरच्याच्या तोंडाकडे बघून वेळ मारून नेते. तुझा फोन थरथरताना दिसला तरी उचलून काय करू? तुझं तोंड दिसत नाही. पाळी तेव्हाच सोडायला हवी होती. पण मी एक्स्चेंज नसले तर इथे कोण आहे?

आज पुन्हा माझी पाळी. डावा तळवा खोक्यावर ठेवून हे लिहिते आहे. वाजला तर निदान हाताला कळेल. दोनपासून जागची उठले नाही, घोटभर पाणीही प्यायले नाही. भीती वाटते. डोळे मिटायचीसुद्धा भीती वाटते. सहाला बैठक आहे, वायरमनचं इथलं काम काढून घ्यायचं ठरणार. त्याचं घर त्याच्यावरच चालतं.

थांब. थरथरतंय.

साडेतीन

धावत तिन्ही घरं पालथी घातली. तिघंही ठीकठाक. बेल कुणी वाजवलीच नव्हती. माझाच हात थरथरत होता.

शेवटचं दार शिंपीकाकांचं. डाव्या हाताने सुईत दोरा ओवायची खटपट चालली होती. म्हणाले, ‘अगं, काय झालं? पांढरीफटक पडलीस.’ मला धाप लागली होती, तशीच बोलून गेले. ‘काका, त्या दिवशी बेल वाजत होती. मला ऐकू येत नाही.’

त्यांनी सुई खाली ठेवली. मग खिडकीकडे तोंड फिरवून काहीतरी बोलले. बराच वेळ बोलले. मान हलत होती, खांदे हलत होते. काय म्हणाले ते मला कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही.

खोक्यापाशी आता शेजारच्या नर्सबाईला बसवलंय. सहाला हेच सगळ्यांसमोर सांगायचंय. सगळे एकदम बोलायला लागतील तेव्हा मी कुणाकुणाच्या तोंडाकडे बघू? वायरमनला निरोप धाडलाय, माझ्या अगदी समोर बस म्हणून. बाकीच्यांचं निसटलं तरी चालेल, तो काय म्हणतो ते मला कळायलाच हवं.

तुझी बहिरी
ताई