कानात वॉकमन, तोंडी होय महाराजा

संगमेश्वर, १२ एप्रिल १९८६

चि. रघू यास राहीताईचे अनेक आशीर्वाद.

बोटीवर तुझी तब्येत बरी असेल, जेवण अंगी लागत असेल. इथे सगळे ठणठणीत आहेत, तुझ्या भावोजींचे कान तेवढे सोडून. तू एवढ्या मायेने वॉकमन पाठवलास, त्यांनीही तो तितक्याच मायेने वापरला. आंघोळीपुरता काय तो कानावरून उतरायचा (तोही सासूबाई ओरडल्या म्हणून). आवाजाची चक्री शेवटपर्यंत फिरवलेली, नाहीतर म्हणे परदेशी वस्तूचा अपमान होतो. गोठ्यात म्हैस हंबरून दमली तरी हे मान डोलवत बसलेले. मी जेवायला हाक मारली की "छान आहे" म्हणायचे. (इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या स्वयंपाकाला पहिल्यांदाच छान म्हणाले, तेही पानावर बसायच्या आधी.)

त्यात शिमग्याला गावात ऑर्केस्ट्रा आला. पंचांनी ह्यांना मानाची जागा दिली, म्हणजे बरोबर कर्ण्याखाली. मान सोडून उठायचं कसं? घरी आले ते कानात शिट्टी वाजत्येय म्हणत. दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली, गुरवांनी देवाला गाऱ्हाणं घातलं. बांधावरच्या हापूसच्या कलमाचा वाद तुला ठाऊकच आहे. मी विहिरीवरून कळशा वाहून ते जगवलं आणि चुलत दीर लवूभाऊजी त्यावर हक्क सांगतात. त्यांनी गुरवांकडून बेमालूम वदवून घेतलं, "बा महाराजा, बांधावरचं कलम लवूच्या वाट्याचं, त्याला यश दे." सगळा गाव गप्प, ह्यांच्या तोंडाकडे बघतोय, हे हरकत घेणार म्हणून. ह्यांना शिट्टीपुढे शब्द कुठला ऐकू येतोय, वाटलं, गुरव थांबले म्हणजे आपली होकार द्यायची पाळी. "होय महाराजा" असं काही गरजले की पालखीचे भोई दचकले. पालखीपुढे दिलेला शब्द मागे घेता येतो का? मला तिथेच रडू आलं, खोटं कशाला सांगू.

मग रत्नागिरीला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, आवाज अर्ध्यावर ठेवा, मधेमधे कानांना विसावा द्या, हातभर अंतरावरचं बोलणं ऐकू आलं नाही तर आवाज जास्त समजा, कर्ण्यापासून लांब बसा. ह्या खेपेला शिट्टी थांबली, दरवेळी थांबेलच असं नाही. हेच मी महिनाभर सांगत होते, पण माझ्यासाठी कान रिकामे कुठे होते? आता ह्यांना स्वच्छ ऐकू येतं. कलमावरून मी दिवसभर जे बोलते तेही येतं, त्यामुळे हल्ली बागेतच जास्त असतात.

लवूभाऊजी मनाचे मोठे. पहिली करंडी आमच्याकडेच पाठवली, भेट म्हणून.

तब्येतीला जप, कानांना त्याहून जप.

तुझी,
राहीताई

ता. क. येताना आणखी एक वॉकमन आण. कान पुरते झाकणारा, चांगला दणदणीत. लवूभाऊजींना द्यायचा आहे. करंडीची परतफेड नको का करायला?

ता. ता. क. डॉक्टरांचं वर जे लिहिलंय, त्यातलं लवूभाऊजींना एक अक्षर सांगू नकोस. पुढच्या शिमग्याला गाऱ्हाणं आमचं आहे.