गावाने गिळलेला शब्द

कोर्दोबा, ९ मे १९५८

ती. कासिल्दामावशींस,
फुएनसांताचा सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. तुम्ही बांधून दिलेल्या सॉसेजचा शिवणखोलीतल्या मुलींनी एका दुपारीत फडशा पाडला.

पण मनातलं लिहितेच. तुमच्या लेकाशी, एलादिओशी लग्न ठरवण्याआधी मी गाव बघायला आले, तर मला बघून गावाने तोंडाला कुलूप लावलं. पाणवठ्यावर बायका खिदळत होत्या, मी दिसताच गप्प. दवंडीवाल्याने पिपाणी फुंकली, ताज्या मासळीची गाडी कुणाच्या तरी घरासमोर उभी आहे म्हणाला, माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं गिळून चालता झाला. जेवताना टेबल डुगडुगलं. काका त्याला काहीतरी म्हणणार, तोच तुम्ही त्यांच्या तोंडात पाव कोंबलात.

लहानपणच्या तापापासून माझा डावा पाय अधू आहे. शाळेतल्या नन मला 'बिचारी' म्हणायच्या, गिऱ्हाइकं 'देवाची लाडकी' म्हणतात. लंगडी म्हटलेलं मला चालतं; खाली घातलेल्या नजरा मात्र आता सोसवत नाहीत. जन्मभर त्याच बघायच्या असतील तर हे लग्न न झालेलं बरं. एलादिओवर माझा जीव आहे, म्हणून त्याला लिहायचा धीर होत नाही. तुम्हीच सांगा.

राग नसावा, इतकंच मागते.
तुमची,
फुएनसांता

वाल्देओलिवा, १४ मे

चि. फुएनसांतास,
कासिल्दाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग स्वतःच्याच डोक्यात लाटणं घालावंसं वाटलं. अगं, तुझ्या पायाची लाज कुणाला? लाज वाटत होती ती आमच्या नावाची.

अर्धं गाव मोरेनो आडनावाचं, म्हणून इथे आडनावाने कुणी कुणाला ओळखत नाही. घराण्याला पडलेलं नाव चालतं. एलादिओचे खापरपणजोबा ऑलिव्हच्या झाडावरून पडले, आणि तेव्हापासून आम्ही सगळे लंगडे. तसा आज घरात औषधालाही लंगडा नाही. एलादिओ तर जत्रेत नाचायला लागला की वाजवणारे दमतात. शेजारी राहतात बहिरे. त्यांच्या पाउलिनाला माझ्या कढईत काय पडलं ते भिंतीपलीकडून ऐकू येतं. समोरचे आंधळे, सगळे पट्टीचे शिकारी. थोट्यांच्या आजीचे दोन्ही हात गावातल्या प्रत्येक पोराच्या गालाला ठाऊक आहेत.

तू येणार कळल्यावर मी घाबरले. घरोघरी बडीशेपेची गोड कडबोळी वाटली आणि शपथ घातली, की पोरगी इथे असेपर्यंत तो शब्द कुणी उच्चारायचा नाही. मग पाणवठ्यावर बायकांना माझी निंदाही करता येईना. दवंडीत घराचं नावच नाही म्हटल्यावर मासळीची गाडी कुणाला सापडली नाही. मासेवाली अजून माझ्या नावाने शंख करते आहे. त्या पावाने काकांचा दात हलतो आहे, ते वेगळंच.

तुझ्या पत्राचं एलादिओला मी काही बोललेले नाही. तो रोज पोस्टमनच्या वाटेवर जाऊन उभा राहतो, ते बघवत नाही गं. माझा खुळेपणा त्याच्या माथी मारू नकोस.

उत्तर लवकर धाड, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.
कासिल्दा

कोर्दोबा, १९ मे

ती. आईंस,
शि. सा. न.

तुमचं पत्र शिवणखोलीत मोठ्याने वाचलं. हसता हसता एकीने बाही कॉलरला जोडली, आता ती उसवत बसली आहे.

तुम्हाला लाज वाटायला हवी ती वेगळ्याच गोष्टीची. पिढ्यानपिढ्या हे नाव लावता आणि एकालाही धड लंगडता येत नाही. नावाला जागणारं एखादं माणूस घरात यायलाच हवं होतं. सप्टेंबरात द्राक्षं उतरली की लग्न करू. एलादिओला आजच सांगा, आणि गावाला शपथेतून मोकळं करा.

एक मात्र हसून सांगता येत नाही. आजवर रस्त्यात कुणी 'ए लंगडे' म्हणून हाक मारली की मी एकटीच मागे वळायचे. आता माझ्याबरोबर अख्खं घराणं वळेल.

लोभ जडला आहे, तो असाच राहो.
तुमची सून,
फुएनसांता