वेल्डनची शेवटची फेरी

१ ऑक्टोबर २०१३, मंगळवार

वॉशिंग्टनने दुकान बंद केलं! सरकारचा खर्च मंजूर झाला नाही म्हणे. देशभरातली राष्ट्रीय उद्यानं बंद, आमच्या गावाच्या टोकाचा पार्कही. वेल्डनला घरी पाठवलं – गणवेश घालायचा नाही, कामाला हात लावायचा नाही, फुकटसुद्धा नाही. ब्रिन मात्र पहाऱ्यावरची, तिला सुट्टी नाही; पगार येईल तेव्हा येईल. एका घरात दोन रेंजर – नवरा सक्तीच्या रजेवर, लेक पार्कच्या नाक्यावर.

मला काय! बारा तारखेला वेल्डन निवृत्त होतोय. मग ओरेगन, समुद्राकाठी. बहिणीने, ओपलने, स्वतःच्या शेजारचं घर आमच्यासाठी धरून ठेवलंय. निम्मी खोकी बांधून झाली. जन्मभर घरातून लाल धूळ झाडली, आता वाळू झाडीन.

३ ऑक्टोबर

हसून पोट दुखतंय. वेल्डन सकाळी फिरायला म्हणून गेला तो थेट नाक्यावर. तिथे अडकलेल्या पर्यटकांना अडथळ्याच्या अलीकडे उभं करून समोरच्या कड्याचा इतिहास सांगायला लागला. ब्रिनने सगळ्यांदेखत हटकलं.

"साहेब, रजेवर असताना काम करणं कायद्यात बसत नाही."

"मी काम करत नाहीये. बडबड करतोय."

या दोन्हींत फरक असतो हे मला लग्नापासून आजतागायत कळलेलं नाही. ब्रिनलाही कळला नाही. तिने त्याला गाडीत घालून घरी आणून सोडलं. जेवताना बाप-लेक माझ्यामार्फत मीठ मागत होते.

५ ऑक्टोबर

हसणं अंगाशी आलं. बारा तारखेलाच वेल्डनची शेवटची फेरी आहे – लोकांना घेऊन पार्कातल्या खडकाच्या कमानीपर्यंत जायची. आज शांतपणे म्हणाला, "निरोप न घेता मी निघणार नाही. पार्क उघडला नाही तर निवृत्तीचा अर्ज मागे घेतो. वसंतापर्यंत थांबू."

वसंतापर्यंत! त्याचे वसंत मी ओळखते. एक संपला की दुसरा लागतो. आणि ओपल घर किती दिवस धरून ठेवणार?

७ ऑक्टोबर

पार्क उघडावा म्हणून प्रार्थना केली. मी!

९ ऑक्टोबर

आमचं युटा राज्य म्हणतंय, पैसे आम्ही भरतो, तुम्ही पार्क उघडा. वॉशिंग्टन अजून विचार करतंय. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना!

मोटेलवाला रुलन माझ्या कॅफेत ॲपल पाय खाता खाता कुरकुरत होता – भांडण वॉशिंग्टनचं आणि भुर्दंड आपल्या राज्याला. आठवड्यापूर्वी मीही हेच म्हटलं असतं. आज त्याच्यावर खेकसले, तुझ्या खोल्या काय भुतं भाड्याने घेणार आहेत? बिचारा अर्धा ॲपल पाय बशीत टाकून उठला.

११ ऑक्टोबर

उघडला! राज्याने पैसे भरले, वेल्डनला बोलावणं आलं. गणवेश सापडला, टोपी सापडेना. मीच खोक्यात भरली होती. कुठल्या, ते आठवेना. बांधलेलं सगळं परत सोडलं. टोपी भांड्यांच्या खोक्यात, कढईखाली. जराशी चेपलीय. वेल्डन ती तशीच घालून आरशासमोर बराच वेळ उभा होता.

१२ ऑक्टोबर

मी त्याच्या फेरीला कधी गेलेच नव्हते. तो निघतो तेव्हा माझे ॲपल पाय भट्टीत असतात. आज कॅफेला कुलूप घातलं. निम्मं गाव आलं होतं, रुलनसुद्धा. ब्रिन सगळ्यांच्या मागे, रेंगाळणाऱ्यांना हाकत – म्हणजे मला.

कमानीच्या अलीकडे वेल्डन थांबला. सगळ्यांना खाली बसवलं, खडकावर तळहात ठेवायला लावले. दगडावर बारीक बारीक वळ्या.

"या लाटा आहेत," तो म्हणाला. "इथे समुद्र होता. घोट्याएवढं पाणी. ओहोटी लागली, पाणी गेलं, लाटा राहिल्या."

लोक उठून पुढे गेले. मला हात उचलवेना. इतकी वर्षं हा माणूस रोज सकाळी इथे येत होता, आणि मी इथून मैलभरावर कॅफेत बसून, समुद्र नाही म्हणून कुढत होते. मला रडूच आलं. ब्रिनने विचारलं, गुडघा दुखतोय का? मी हो म्हटलं.

वेल्डन रडला नाही. सगळ्यांशी हात मिळवले, टोपी काढली आणि मला म्हणाला, "झाला निरोप. चल आता तुझ्या समुद्रावर."

१३ ऑक्टोबर

ओपलला फोन करून सांगितलं, घर दुसऱ्या कुणाला दे, आम्ही इथेच राहतो.

वेल्डनला अजून बोलले नाही. शीळ घालत खोकी बांधतोय.