उसवलेल्या स्वेटरांची लोकर आणि बाकीची मालमत्ता

गुरुवार, २४ एप्रिल २०२५

आते ग्लेंडा, ताई, आधी माफी मागते. नाताळपासून तुझ्या एकाही मेसेजला मी उत्तर दिलेलं नाही. रागावले होते असं नाही. उत्तर लिहायला बसले की थकायला व्हायचं आणि मी फोन पालथा घालून ठेवायचे. मृत्युपत्राची सुरुवात बहिणीच्या माफीने करत नाहीत, असं वकील म्हणाले. पण ते असंही म्हणाले की सगळं माझ्या हाताने लिहिलेलं असेल, तारीख आणि सही असेल, तर बाकीचं कसं लिहायचं ते माझ्यावर आहे. म्हणून माफी वरच राहू दे.

मी, नेरिसा वेलुझ रोदेलास, वय शेहेचाळीस, अविवाहित, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला, जाहीर करते की हा मजकूर मी पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाशिवाय, भर दिवसा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. येत्या सोमवारी लुसेनाच्या हॉस्पिटलात माझ्या गळ्यातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, रोजचंच ऑपरेशन आहे. त्यांच्यासाठी असेल. माझे आई-वडील हयात नाहीत, नवरा नाही, मूल नाही. तेव्हा कायद्याने माझं जे आहे ते मी कोणालाही देऊ शकते. हे ऐकून मोकळं वाटायला हवं होतं. उलट माझी झोप गेली.

मजकुरात जिथे खाडाखोड असेल तिथे मी पूर्ण सही केली आहे. सही नसलेली खाडाखोड माझी समजू नये.

कलम १. मला आईशेजारी ठेवावं. नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, थडग्यावर प्लास्टिकची फुलं आणू नयेत. क्रेप कागदाची, मेणात बुडवलेली फुलं मी दर वर्षी पावसाळ्यात बसून करते. यंदाची आईसाठी म्हणून आधीच करून ठेवली आहेत. कपाटाच्या वरच्या खणात आहेत, दोघींना पुरतील.

कलम २. बँकेत जे आहे त्यातून हॉस्पिटलचं आणि अंत्यविधीचं भागवावं. उरेल ते ग्रंथालयातली माझी सहकारी इव्हांजेलिन हिला, तिच्या मुलीच्या शिक्षणासाठी. फार उरणार नाही. तिने आभाराची प्रार्थना वगैरे ठेवू नये.

कलम ३. क्रोशाच्या सुया, रंगांच्या बाटल्या, बांबू चिरायचा लहान कोयता आणि लोकर, हेही इव्हांजेलिनला. लोकरीबद्दल थोडं लिहिणं भाग आहे, नाहीतर इतक्या गरम गावात कपाटभर लोकर सापडल्यावर लोक माझ्या शुद्धीविषयी शंका घेतील.

आमच्या घराच्या तळमजल्यावर लुझविमिंडा ओबियास हिचं ‘उकाय’चं, म्हणजे वापरलेल्या कपड्यांचं, दुकान आहे. परदेशात लोकांनी टाकलेले कपडे गठ्ठ्यांनी येतात, ते उपसून आपल्याला हवं ते शोधायचं. गठ्ठा फुटायचा असला की लुझ जिन्याखाली उभी राहून ओरडते, "आते नेरिस, या! स्वर्ग उघडतोय!" मी तिच्यापेक्षा थोडीच मोठी आहे, पण ती मला पहिल्या दिवसापासून आते, म्हणजे ताईच म्हणते. गठ्ठ्यात जाड लोकरीचे स्वेटर असतात. ते इथे कोण घेणार? ते मी घेते आणि उसवते. एक टोक सापडलं की अख्खा स्वेटर सरसर उलगडत येतो. ग्रंथालयातून आल्यावर, काही बोलायची ताकद नसताना, मी हेच करत आले. मग त्या लोकरीच्या चिमुकल्या पिशव्या विणायच्या आणि मे महिन्यात सान इसिद्रोच्या सणाला दारातल्या बांबूंवर केळी, बिस्किटं आणि पिनागोंगच्या पावांबरोबर टांगायच्या.

ग्लेंडा एकदा परदेशातून फोनवर म्हणाली, "आमच्याकडे लोक जे फेकतात ते तू पैसे देऊन घेतेस? भिकारी आहोत का आपण?"

मी म्हणाले, "तू फेकला असशील त्यातला एखादा."

ती हसली नाही. मलाही नंतर ते टोचलं. बोलायला नको होतं का? अजून ठरवता आलेलं नाही.

कलम ४. जुन्या वस्तू. यांत पत्र्याचे बिस्किटांचे डबे, शिंपल्यांची आणि हाडांची बटणं, तुटके-धड पंखे, एनॅमलच्या ताटल्या, कोणाकोणाच्या लग्नांचे फोटो, असं बरंच काही येतं. हे सारं माझ्यानंतरच्या पहिल्या सणाला बांबूंवर बांधावं, आणि संताची मूर्ती घरापुढून गेली की बांबू वाकवून लोकांना लुटू द्यावं. वकिलांनी मान हलवली. "ज्याला मिळेल त्याला, असं मृत्युपत्रात चालत नाही, मिस रोदेलास." मग ही विनंती समजावी. आमच्या गावात ती सगळ्यांना कळेल.

या वस्तू का जमल्या, तेही लिहून ठेवते. आईच्या शेवटच्या सणाला तिचं मन भरकटायला लागलं होतं. त्या सकाळी तिने पेटीतून आजीची शाल काढली. अननसाच्या तंतूंची, उजेडात धरली तर आरपार दिसेल अशी. स्टुलावर चढून ती बांबूला बांधायला लागली. ग्लेंडा विनिपेगहून व्हिडिओवर सण बघत होती. फोन माझ्या हातात होता.

"नेरिस, थांबव तिला! वेड लागलंय तिला!"

"वेड तुला लागलंय," आई फोनकडे न बघता म्हणाली. "संत दारात येतोय, आणि त्याला काय नुसती बिस्किटं दाखवायची?"

मी थांबवलं नाही. कितीतरी दिवसांनी आईचा आवाज तिचा स्वतःचा वाटला होता. मूर्ती पुढे गेली, बांबू वाकले, हात वर आले. मूर्ती गेल्यावर बांबूवरचं काहीही घरच्यांचं राहत नाही. हे ग्लेंडालाही ठाऊक आहे, ती इथेच वाढली. शाल गेली. मला फक्त एक हात दिसला, नखांना लाल रंग लावलेला.

"आता मिळेपर्यंत शोध," ग्लेंडा म्हणाली, आणि आई गेल्यावरही तेच म्हणाली. म्हणून मी शोधायला लागले. भंगारवाले, लुसेनाचे जुने बाजार, चर्चचे दानाचे ढीग. खालची जागा लुझला भाड्याने दिली त्यातही हा स्वार्थ होता, की गठ्ठे आधी माझ्या नजरेखालून जातील. शाल मिळाली नाही. पण शोधताना एखादं सुंदर बटण हाती यायचं आणि त्या दिवसापुरतं बरं वाटायचं. पुढे शाल मागे पडली, बटणंच राहिली. ग्लेंडा, मी ती आता शोधत नाही. हे कळवायचं राहून गेलं होतं.

कलम ५. ग्लेंडाने पाठवलेले खोके जिन्याखाली आहेत, तीन न उघडलेले. तिने ते परत घ्यावेत किंवा वाटावेत. मी ते उघडले नाहीत याचा तिने अर्थ लावत बसू नये. त्यांत सगळं नवीन असतं. नव्या वस्तूंकडे बघून काय करायचं ते मला कळेनासं झालं आहे.

कलम ६. घर, खालच्या दुकानासह, माझी बहीण ग्लेंडा हिला द्यावं.

वरची ओळ मी खोडली आहे.
सही: नेरिसा वेलुझ रोदेलास

कलम ६, पुन्हा. घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ग्लेंडाने तिच्या वाट्याला आलेली नारळाची बाग विकली, ते तिच्या हक्काचं होतं. पण डिसेंबरात तिचा जो मेसेज आला त्यात लिहिलं होतं की औषधांच्या दुकानवाल्या एका पार्टीला आपल्या कोपऱ्यात रस आहे, ते पाडून नवीन बांधतील, आणि "तू एकटी एवढं घर घेऊन काय करतेस?" त्याच आठवड्यात माझ्या गाठीचं लुझला कळलं. ती कपडे टांगता टांगता म्हणाली, "आते, तुम्हाला काही झालं तर मला आधी सांगा हं. गठ्ठे हलवायला वेळ लागतो."

आम्ही दोघी खूप हसलो. मग ती हँगर हातात धरून उभीच राहिली. तिला बिकोलला परत जायला घर राहिलेलं नाही, वादळात गेलं. ती दुकानातच, पडद्यामागे राहते.

म्हणून घर, खालचं आणि वरचं, लुझविमिंडा ओबियास हिला द्यावं.

हे लिहिताना मी स्वतःला विचारलं की मी ग्लेंडावर सूड तर उगवत नाही ना. थोडा असेलही. आईने शाल दिली तशी मी घर परक्या हातात देते आहे, असं तिला वाटेल, आणि ते खोटं नाही. पण सूड वजा केला तरी उत्तर तेच येतं.

दुसरी शंका मोठी आहे. लुझ फुकटचं घेत नाही. तिच्या वाढदिवसाला मी तिला एक पिशवी विणून दिली होती. दुसऱ्या दिवशी ती दुकानात टांगलेली, वर किमतीची चिठ्ठी.

"अगं, भेट होती ती!"

"फुकट घेतलं की माणूस मिंधा होतो, आते. तुमच्याशी मला भांडता आलं पाहिजे."

शेवटी ती पिशवी मीच विकत घेतली. आता घराला ती नाही म्हणाली, तर कायद्याने ते ग्लेंडाकडे जाईल आणि पाडलं जाईल. या भीतीपुढे गळ्यातली गाठ मला किरकोळ वाटते. म्हणून मी तिला काही सांगितलेलं नाही. मी नसेन तेव्हा कळलं, तर ती माझ्याशी भांडू शकणार नाही. हा विचार शहाणपणाचा आहे की पळपुटा, हे मी ठरवत होते, तेवढ्यात साक्षीदार आले.

साक्षीदारांविषयी, ते गेल्यावर, सह्यांच्या वर राखलेल्या जागेत. असं हाताने लिहिलेलं मृत्युपत्र साक्षीदारांशिवायही चालतं. पण कोणी हरकत घेतली तर माझं अक्षर ओळखणारे तिघे लागतील, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याने सही न केलेली बरी, असा वकिलांचा सल्ला. तेव्हा ज्यांना मला काहीही द्यायचं नाही असे तिघे मी शोधले. हे सोपं गेलं. शेजारची आलिंग सिसिंग (आलिंग म्हणजे मावशी). तिच्या कोंबड्यावरून मी भिंतीपलीकडे टाकलेल्या चिठ्ठ्यांमुळे तिला माझं अक्षर चांगलं माहीत आहे. तिचे यजमान मांग बुर्सियो, ज्यांचे पेन्शनचे अर्ज मी लिहिते. आणि ग्रंथालयाचे प्रमुख सर लाम्बेर्तो, ज्यांनी सणाच्या आठवड्यात मला कधीही रजा दिली नाही.

"हे ऑफिसच्या वेळात लिहिलेलं नाही ना?" सर लाम्बेर्तोंनी विचारलं, सही केली आणि गेले.

आलिंग सिसिंगने चष्मा पुसला. "मला काय ठेवलंयस?"

"काहीच नाही, आलिंग. म्हणून तर बोलावलं. सही करणाऱ्याला काही मिळत नाही."

"आणि ह्यांना?"

"त्यांनाही नाही."

"ती शिडी तरी..." मांग बुर्सियो म्हणाले.

"तुम्ही सही करा," ती म्हणाली.

ते सही करत असतानाच लुझ गरम पिनागोंगची पिशवी घेऊन वर आली. "काय हो, वाढदिवस कोणाचा?"

"मृत्युपत्र आहे," आलिंग सिसिंग म्हणाली.

लुझने पिशवी टेबलावर ठेवली, हात पुसले. "आणा इकडे. मी पण करते सही. आतेंचं अक्षर माझ्याइतकं कोणी पाहिलंय? दुकानाच्या सगळ्या पाट्या कोणी लिहिल्या?"

"नको, लुझ."

"का?"

"तिघे झाले."

"चौथी चालत नाही?"

मी नाही म्हणाले. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आलिंग सिसिंगकडे.

"कोंबड्यावरून जिच्याशी दोन सणांत बोलला नाहीत ती चालते. बरं आहे, आते. अक्षर माझं वाईट आहे, पण तुमचं वाईट चिंतणारी मी नाही. गरम आहेत तोवर खाऊन घ्या."

ती खाली गेली. बाहेर लख्ख ऊन होतं, तरी दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला.

आलिंग सिसिंगने पाव तोंडाजवळ नेला आणि तशीच थांबली. "अगं बाई. तिला ठेवलंयस तू काहीतरी. म्हणून होय!"

"आलिंग, पाव खा."

"मी कोणाला काही बोलणार नाही."

"बोलणार आहात."

तिने प्रामाणिकपणे विचार केला. "उद्या दुपारपर्यंत तरी नाही बोलणार."

त्याबद्दल मी तिची आभारी आहे. तरीही तिला काही देत नाही.

वरील सर्व मजकूर माझ्या हस्ताक्षरात असून तो मी पुन्हा वाचला आहे. कलम ६ बदललेलं नाही.

सही: नेरिसा वेलुझ रोदेलास

माझ्यासमोर सही झाली, अक्षर तिचंच:
नार्सिसा माग्तिबाय (आलिंग सिसिंग), शेजारीण
तिबुर्सियो माग्तिबाय, वरीलप्रमाणे
लाम्बेर्तो केसादा, ग्रंथालय प्रमुख

स्थळ: सारियाया, केझोन
दिनांक: २४ एप्रिल २०२५

उद्याचं काम: दुपारच्या आत खाली जाऊन लुझला कलम ६ स्वतः वाचून दाखवणे, आणि ती भांडेल तेवढं भांडू देणे.