एक काना

३ मार्च, सोमवार

दादांना शाबासकीचं पत्र आलं! मुख्य कार्यालयाकडून, शिक्क्यासकट. पंपिंग स्टेशनच्या फलकावर लावलंय. ‘दोन नंबरचा पंप वेळीच बंद करून शहराचं पाणी वाचवल्याबद्दल.’

बंद मी केला. आमचे पाळीप्रमुख दादा तेव्हा दाढ काढायला गेले होते. गालात कापसाचा बोळा धरून परत आले, तोवर तीन नंबर चालू होऊन तास झाला होता.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दादा माझ्याकडे न बघता म्हणाले, “आपल्या स्टेशनचं नाव झालं.”

आपल्या!

४ मार्च

काल रागात नीट लिहिलं नाही. झालं ते असं. पत्राला त्या दिवशीच्या नोंदवहीच्या पानाची झेरॉक्स जोडली आहे. नोंद मी लिहिते, टेबलाला दोरीने बांधलेल्या निळ्या पेनाने. खाली दादा सही करतात, खिशातल्या काळ्या पेनाने. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. वाचणाऱ्याला वाटणारच – सही दादांची, म्हणजे ‘मी’सुद्धा दादाच.

एरवी सोडून दिलं असतं. पण दादा महिनाअखेर निवृत्त होतायत आणि त्यांच्या जागेसाठी मी अर्ज केलाय. वीस तारखेला मुलाखत. अकरा वर्षांत दाखवण्यासारखी माझी एकच सकाळ, ती दुसऱ्याच्या नावावर!

दादा वाईट नाहीत, हीच तर पंचाईत. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून पंपाच्या पोटात काय चाललंय ते ऐकायला मला त्यांनीच शिकवलं. त्या दिवशी बेअरिंगची खरखर ऐकू आली ती त्यामुळेच. तासभर आणखी चालला असता तर पंप गेलाच होता, आठवडाभर घरोघरी कोरडे नळ.

७ मार्च

महिला कर्मचाऱ्यांसाठी आत्मविश्वासाचं शिबिर. खांदे मागे, नजर समोर. प्रशिक्षक बाई म्हणाल्या, ‘मी’ म्हणायला शिका. मी केलं, मी ठरवलं. सगळ्यांकडून दहादा म्हणवून घेतलं.

नोंदवहीत अकरा वर्षं ‘मी’च लिहितेय की. कोणाचा, ते विचारा.

९ मार्च, रविवार

नणंद आली होती. शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे समोर कागद आला की हिचा लाल पेनचा हात शिवशिवतो. आधी माझ्या अर्जाची प्रत धरली. “वहिनी, तुझे काने अजून पाय मुडपून बसतात गं.” खरं आहे. माझ्या कान्याची रेघ खाली डावीकडे वळतेच. शाळेतही छड्या खाल्ल्यात त्यावरून.

मग तिला फोनमध्ये त्या झेरॉक्सचा फोटो दाखवला. वाचून हसत सुटली. “‘मी पाळीवर आलो’! पाळी तुझी आणि आलो?”

मी सांगितलं, पहिल्या दिवशी दादांनी जुनी पानं दाखवून बजावलं होतं – असंच लिहायचं, काना-मात्रेचा फरक नको. जुन्या पानांवर सगळे पुरुषच. तेव्हापासून मी रोज ‘आलो’.

ती हसायची थांबली. म्हणाली, ‘पंप बंद केला’ यावरून बाई की बुवा कळत नाही. आली-गेली, चढली-उतरली की कळतं.

आणि मला लख्ख आठवलं. त्या दिवशी सगळी घाई होती. मी लिहिलं होतं, ‘खाली उतरले आणि पंप बंद केला.’ उतरले! अकरा वर्षांत एकदाच विसरले होते.

फोटो मोठा केला. ‘उतरलो.’ काना दाटीवाटीने घुसवलेला. झेरॉक्सचाही फोटो, त्यामुळे नुसती जाड काळी रेघ. नणंद म्हणाली, “हा मागून दिलाय.”

माझ्यानंतर वही फक्त दादांच्या हातात गेली होती.

१२ मार्च

विचारायचं ठरवून गेले. दादांनीच खुर्ची ओढून दिली, जुने नकाशे काढले, झडपांबद्दल काय काय विचारतील ते तासभर समजावलं. मी नुसती मान डोलवत लिहून घेत राहिले. घरी आल्यावर स्वतःचाच राग आला. मग त्यांचा. इतका जीव लावतात आणि एका रेघेत मला पुसून टाकतात!

नवरा म्हणतो, मुलाखतीतच सांग. स्टेशनात बोललीस तर चहावर मिटवतील.

१५ मार्च

वही मुख्य कार्यालयात आहे. एकदा बघायला मिळाली असती तर बरं झालं असतं. पण कोणाकडे मागू?

२० मार्च, गुरुवार

सांगितलं.

तिघे होते. मधल्या साहेबांनी विचारलं, स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेला एक निर्णय सांगा. मी त्या सकाळचं सगळं सांगितलं. झेरॉक्सची प्रत पुढे ठेवली आणि म्हणाले, “मी ‘उतरले’ लिहिलं होतं. हा काना दादांनी वाढवलाय.” आवाज जराही कापला नाही. खांदे मागे, नजर समोर.

पाळीप्रमुख म्हणून दादाही आले होते; त्यांना आत बोलावलं. दादांनी झेरॉक्स जवळ धरली, लांब धरली. मग म्हणाले, “पंप यांनीच बंद केला. मी नव्हतो. पत्र आलं तेव्हाच सांगायला हवं होतं. जाता जाता कौतुक झालं, मोह झाला.”

आणि काना?

“त्या म्हणतायत, तर मीच दिला असेल.”

अकरा वर्षं मला ‘अगं तू’ म्हणणारा माणूस. आज ‘त्या’. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. झेरॉक्सची घडी करून पर्समध्ये टाकली आणि निघाले.

२६ मार्च

निवड झाली! नवऱ्याने ऑफिसातूनच दोनदा फोन केला. नणंद नाचायची बाकी होती.

फलकावरचं पत्र काढलंय. चार टाचण्या तशाच आहेत. दादांच्या निरोपाचा कार्यक्रम रद्द झाला – तेच नको म्हणाले. स्टेशनातले माझ्याशी कामापुरतं बोलतात. खोटा काना देणाऱ्याशी आणखी कसं वागायचं होतं मी? असं मनातल्या मनात दिवसभर म्हणत होते.

३१ मार्च, सोमवार

चार्ज घेतला. दादांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या, माझ्या हातात दिल्या नाहीत. ते गेल्यावर मुख्य कार्यालयातून परत आलेली नोंदवही त्या दिवशीच्या पानावर उघडली.

सही काळी. काना निळा. खाली पाय मुडपलेला.