नखोस्वेला कळवल्याशिवाय

प्रिय मामा,

तू माझा धाकटा भाऊ वायसन. तुला पाठीवर बांधून मी बटाट्याच्या शेतात हिंडले, त्यामुळे तुला मामा म्हणताना सुरुवातीला जीभ अडखळायची. पण चिम्वालामामा गेला, रीतीप्रमाणे त्याचं नाव आणि त्याची काठी तुला दिली, त्याच्या जागी तुला बसवलं आणि त्या दिवसापासून तू आम्हा सगळ्यांचा मामा झालास. आईनं तर तुझ्यापुढे गुडघे टेकून तुला दादा म्हटलं. पोटच्या पोराला! तू लाजून हसलास, तर म्हणाली, "हसू नका दादा. आजपासून माझ्या लग्नाचे नखोस्वे, माझ्या बाजूचे जबाबदार मध्यस्थ, तुम्ही. माझं बरंवाईट तुमच्या हातात." मी त्या दिवशी फार खूश होते. चिम्वालामामानं आईच्या लग्नात मुलीकडचा नखोस्वे म्हणून लग्न पक्कं झाल्याचा कोंबडा घेतला, आणि त्यानंतर ती जेव्हा जेव्हा सुजलेलं तोंड घेऊन त्याच्याकडे गेली तेव्हा तेव्हा "नवरा आहे, चिडणारच" एवढंच सांगून तिला परत पाठवलं. तू तसा निघणार नाहीस अशी माझी खात्री होती. बाबांचा आवाज चढला की तू माझ्या कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेत तोंड खुपसून थरथरायचास, ते मी विसरले नव्हते. तू विसरलास बहुतेक.

इकडे सगळं नेहमीसारखंच चाललंय. ऑफिसात दोन नव्या मुली आल्यात, त्यांना घेऊन मी गावोगाव फिरते. पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं, घरात कुणी मारतं का, हे म्हाताऱ्या माणसाला एकटं गाठून विचारायचं, घरच्यांसमोर कधीच नाही. घरच्यांसमोर ती एकच उत्तर देतात, "पडले." डोळा काळानिळा, पडले. दात गेला, पडले. आठवडाभरानं त्यातली एक मुलगी मला म्हणते, "मॅडम, या जिल्ह्यातली जमीनच फार निसरडी दिसते." मी पोट धरून हसले आणि मग गाडीत बसल्यावर रडले. दुसरा नियमही मीच त्यांना शिकवते. बाईला लपवलेलं घर नातेवाइकांना सांगायचं नाही. चांगल्या नातेवाइकांना तर मुळीच नाही, कारण वाईटांना कुणी विचारायला जात नाही, विचारतात ते चांगल्यांना.

आईची फाइल माझ्याकडे नव्हती. रक्ताच्या माणसाचं काम आपण करायचं नसतं, ते माझ्या ऑफिसातल्या मेस्टीनानं केलं. तिनं आईला चर्चमागं एकटीला गाठलं, बोलतं केलं, आणि बाबांनी आईच्या जवळ फिरकायचं नाही असा न्यायालयाचा हुकूमही मिळवला. बाबा जोहान्सबर्गच्या खाणीतून सूट आणि रेडिओ घेऊन आले तेव्हापासून गाव त्यांना साहेब म्हणतं. साहेब म्हातारपणी आईचा चष्मा लपवून ठेवायला लागले होते, म्हणजे तिला एकटीला कुठं जाता येऊ नये. मक्याच्या कणगीला कुलूप घातलं होतं, आणि मर्जी असेल त्या दिवशी मूठभर पीठ तिच्या अंगावर फेकायचे. हे तुला नवीन नाही. मी तुझ्या ओट्यावर बसून तुला हे सगळं सांगितलं होतं.

तुझ्याकडे मी का आले, तेही तुला माहीत आहे. मेस्टीनाची गाडी दारात उभी, बाबा दारूच्या गुत्त्यावर, आणि आई गाठोडं मांडीवर घेऊन खालीच बसली. "दादांना कळवल्याशिवाय नाही. नखोस्वेला न सांगता निघाली ती बाई गेली नाही, पळाली. मी या घरात नांदायला आले ती माझ्या माणसांच्या परवानगीनं, जाईन तीही तशीच." मेस्टीनानं हात जोडले. मी ओरडले. आई हलेना. शेवटी मेस्टीना म्हणाली, "तुझा भाऊ आहे, तू ठरव." मी ठरवलं. तुझ्याकडे येऊन तिला सरोवराकाठी कुणाच्या घरी नेतोय तेही सांगितलं. तू मला मक्याच्या पिठाची घट्ट न्सिमा वाढलीस, वर शेंगदाण्याचं कूट घातलेली भोपळ्याची भाजी, आणि म्हणालास, "ताई, माझ्या जिभेला कुलूप समज." मग आई निघाली. गाडीत बसताना हसतमुख होती. नखोस्वेंचा आशीर्वाद आहे म्हणाली.

सरोवराकाठी डोरीकाच्या घरी ती कशी होती हे तुला कुणी सांगितलं नसेल. डोरीका जुनी नर्स. तिच्याकडे आणखी दोन म्हाताऱ्या होत्या, दोघीही पोटच्या पोरांच्या भीतीनं आलेल्या. आई सारखी कुरकुरायची, इथं काय हे उकडतं, इथल्या लोकांच्या अंगालाच मासळीचा वास, आमच्या डोंगरातले बटाटे ते बटाटे. त्यातली एक म्हातारी ठार बहिरी, ती आईला ओरडून सांगायची, "बडबड कमी कर, मला झोपू दे!" एकदा मी अंगणात शिरत होते आणि आतून कुणीतरी खळखळून हसलं. मला वाटलं शेजारीण आली असेल. ती आई होती. इतक्या वर्षांनी तिचं हसणं मी ओळखू शकले नाही, वायसन.

आणि मग रविवारी तू आलास. पिकअपमध्ये पुढे तू, शेजारी खाणीचा सूट घातलेले बाबा, मागे पाय बांधलेल्या कोंबड्या, समेटाच्या. बाबा अंगणात गुडघ्यावर बसून रडले. डोरीका दार अडवून उभी राहिली, न्यायालयाचा हुकूम आहे म्हणाली, तर तू काठी आपटलीस. "मी तिचा नखोस्वे. तू कोण?" आणि आईला म्हणालास, "नखोस्वे लग्न जोडतो, मोडत नाही. या वयात काडीमोड घेतलास तर लोक म्हणतील म्हातारीला म्हातारचळ लागला. माझं नाव काय राहील?" तुझं नाव! बाबांच्या रडण्यानं तू विरघळलास, हे मला समजतं. मीही त्यांचीच मुलगी आहे, ते रडणं मीही पाहिलंय, दर मारानंतर पाहिलंय. पण हुकूम तुला माहीत होता, आणि तरी तू ज्याच्यापासून तिला लपवलं त्यालाच शेजारी बसवून आणलंस. आईनं तुझ्याकडे पाहिलं, म्हणाली, "तुम्ही सांगताय म्हणून, दादा," आणि गाठोडं उचललं. कुंपणानंच शेत खाल्लं. केसानं गळा कापलास आमचा.

पुढचं तुला उडत उडत कळलं असेल. समेटाच्या कोंबडीचा रस्सा संपेपर्यंत बाबा गोड होते. नंतर त्यांनी तिला कणगीच्या पायऱ्यांवरून ढकललं आणि तशीच तिथं टाकून गुत्त्यावर गेले. तिचं खुब्याचं हाड मोडलंय. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बाबा उशाशी उभे होते. आई म्हणाली, "पडले." मी बाबांना बाहेर काढलं, दार लावलं, आणि ज्यांना हे शिकवते त्या मुलींना जसं सांगते तसं, हळू, घाई न करता विचारलं. तिनं दार नीट लागलंय ना ते पाहिलं. मग म्हणाली, "त्यानं ढकललं. पण त्याच्या हातात मला दादांनी दिलं." माझ्यासमोर तिच्या तोंडून बाबांविरुद्ध निघालेला हा पहिला शब्द, आणि त्यात तू होतास.

डोरीकाचं घर आता बंद आहे. रविवारचा तमाशा साऱ्या वस्तीनं पाहिला, त्यामुळे तिथं कोण राहतं हे लपून राहिलं नाही. एका म्हातारीला वेळेत हलवता आलं. बहिरीला आलं नाही. तिचा मुलगा तिला घेऊन गेला, आणि मेस्टीना त्या घरी गेली की दार उघडत नाहीत.

म्हणून काल मी पोलिसांना तुझं नाव दिलं. हुकूम मोडायला बाबांना मदत कुणी केली, पत्ता कुणी फोडला, सगळं लिहून दिलं आणि सही केली. बाबांनी ढकलल्याची तक्रार करायची की नाही हे आई ठरवेल, तो तिचा हक्क आहे. पण त्या दोघींसाठी आई बोलू शकत नाही, मला बोलावं लागलं. सही करून मी आईकडे गेले आणि तिला सांगितलं. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं आता शिव्या घालेल, रडेल, भावाला वाचव म्हणेल. ती म्हणाली, "दादांना कळव. पोलीस दारात यायच्या आधी कळव. न कळवता नको." एवढं झाल्यावरही! मी तिच्याशी वाद घातला नाही. या आठवड्यात ते येतील. पळू नकोस, खरं सांग. आई बरी होतेय, एवढं तुला सांगायला तिनं हरकत घेतली नाही. ती कुठं आहे हे मात्र या पत्रात नाही, पाकिटावरही नाही. तिनं सांग म्हटलं तरी तुला सांगणार नाही.

तुझीच, अजूनही,
एनेलेसीताई